आमची आई, आपला देश

पीएल असो नाहीतर सबमिशनचा आठवडा, रात्री मेसमधून वर आलं की आमच्या खोलीत एका लॅपटॉपभोवती सहा-सात जणी जमतात आणि कोरियन सिरियल सुरू होते. जर्नल पूर्ण झालेलं नसतं, उद्या व्हायवा असतो, पण हीरो हिरॉइनला छत्री देतो की नाही हे कळल्याशिवाय झोप कोणाला येणार? अशाच एका रात्री सिरियलमधली मुलगी रडत रडत काहीतरी म्हणाली आणि खाली सबटायटल आलं, ‘माझी आई’. माझी रूममेट लातूरची. तिने इतक्या सिरियली पाहिल्यात की कोरियनचा पेपर दिला तर केटी लागणार नाही. ती लगेच म्हणाली, “चूक आहे गं हे. ती ‘ऊरी ओम्मा’ म्हणाली. ऊरी म्हणजे आम्ही, आमची. एकुलती एक पोरगी आहे, मग आमची आई कशी?”

पाचच मिनिटांत तिच्या घरून फोन आला आणि बाहेर जाऊन ती कोणाला तरी सांगत होती, “आमची आई ऐकतच नाही हो!” ही सुद्धा एकुलती एक. आम्ही सगळ्या इतक्या हसलो की वॉर्डन मॅडम वर आल्या.

त्या दिवसापासून हा ‘ऊरी’ माझ्या डोक्यात बसला. सेमिनारसाठी विषय हवाच होता. सॅमसंगवर करू, सोपं जाईल असं ठरवून लायब्ररीत गेले आणि सॅमसंग राहिलं बाजूला, कोरियाच्या राष्ट्रवादात अडकले. आता जे वाचलं आणि वाटलं ते लिहिते आहे. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे मराठीत एवढं लांब मी पहिल्यांदाच लिहिते आहे. चुकलं तर हसा, पण पूर्ण वाचून हसा.

मराठीत आपल्याकडे एक मोठी सोय आहे. समोरच्याला धरून बोलायचं असेल तर ‘आपण’ आणि त्याला वगळून बोलायचं असेल तर ‘आम्ही’. “आपण जेवायला जाऊ” आणि “आम्ही जेवायला जातो” यात किती फरक आहे हे फर्स्ट इयरला मेसच्या दारात एकट्या उभ्या राहिलेल्या कोणालाही विचारा. कोरियनमध्ये ‘ऊरी’ हा एकच शब्द ही दोन्ही कामं करतो. वडीलधाऱ्यांसमोर नम्रपणे बोलताना ‘ऊरी’ऐवजी ‘जोही’ म्हणतात, पण देशाबद्दल बोलताना मात्र ‘जोही’ म्हणणं चूक समजतात. देशाला कमीपणा कशाला? देश नेहमी ‘ऊरी नारा’, आपला देश. आता प्रश्न असा, की या ‘ऊरी’मध्ये कोण कोण येतं? मराठीत सांगायचं तर हा ऊरी ‘आपण’ आहे की ‘आम्ही’?

कोरियन लोकांनी गेली शंभर वर्षं या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात दिलं, मिन्जोक. एका रक्ताचे, एका पूर्वजाचे, एका भाषेचे लोक म्हणजे मिन्जोक. त्याला ‘दानिल’ म्हणजे ‘एकच’ हे विशेषण लावलं की दानिल मिन्जोक, एकसंध वंशाचं राष्ट्र. शाळेच्या पुस्तकांतून, भाषणांतून, सणांतून हे पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं. पाच हजार वर्षांचं एकच रक्त.

गंमत म्हणजे पाच हजार वर्षांचा हा शब्द जेमतेम सव्वाशे वर्षांचा आहे. जपानमध्ये मेजी काळात ‘मिन्झोकु’ हा शब्द रूढ झाला आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो कोरियात आला. त्याआधीच्या कोरियात एक राज्य होतं, एक भाषा होती, आणि हे काही कमी नव्हे. सिल्ला, मग ९१८ पासून गोर्यो, १३९२ पासून जोसन, अशी हजार वर्षांहून जास्त काळ बहुतेक द्वीपकल्पावर एकच सत्ता होती. असं उदाहरण जगात फार कमी सापडतं. पण ‘आपण सगळे एक’ असं तेव्हाच्या समाजाला वाटत होतं का? वरचे यांगबान म्हणजे सरदार-विद्वान घराणी, ती चिनी लिपीत लिहिणार. राजा सेजोंगने १४४६ मध्ये सामान्य माणसासाठी नवी सोपी लिपी जाहीर केली, तर तिला या विद्वानांनी शतकानुशतकं खालच्या दर्जाची मानलं. तळाला नोबी म्हणजे गुलाम, ते विकले जायचे आणि वारसाहक्काने पुढच्या पिढीला मिळायचे. गुलामगिरी कायद्याने बंद झाली ती १८९४ मध्ये. मालक आणि गुलाम एकाच रक्ताचे आहेत असं त्या काळच्या एखाद्या यांगबानला सांगितलं असतं तर त्याने सांगणाऱ्याला फटके दिले असते.

म्हणून मला वाटतं की मिन्जोक ही कल्पना जन्माला आली तेव्हा ती मागासलेली नव्हती. उलट फार पुढची होती. शिन चे-हो नावाच्या पत्रकार-इतिहासकाराने १९०८ मध्ये वर्तमानपत्रातून इतिहासाचं नवं वाचन मांडायला सुरुवात केली. तोपर्यंत इतिहास म्हणजे राजांची वंशावळ. शिन म्हणाला की इतिहास राजांचा नसतो, मिन्जोकचा असतो. राजा पडला तरी मिन्जोक उरतो. हे त्याने नेमक्या वेळी लिहिलं, कारण दोनच वर्षांनी, १९१० मध्ये, जपानने कोरिया गिळला आणि राजा खरोखरच पडला. राज्य नाही, सैन्य नाही, झेंडा नाही. मग ‘कोरियन’ म्हणजे कोण? उरलं ते फक्त रक्त आणि भाषा. शिन स्वतः १९३६ मध्ये जपानी तुरुंगात मेला.

या रक्ताला पूर्वज हवा होता, तो दानगुन. त्याची गोष्ट तेराव्या शतकात इर्योन नावाच्या बौद्ध भिक्षूने ‘सामगुक युसा’ या ग्रंथात लिहून ठेवली. आकाशातून उतरलेल्या ह्वानुंगकडे एक अस्वल आणि एक वाघ येतात. आम्हाला माणूस करा म्हणतात. तो त्यांना थोडी औषधी वनस्पती आणि लसणाच्या वीस पाकळ्या देतो आणि सांगतो, शंभर दिवस सूर्यप्रकाश पाहू नका. वाघाला धीर धरवत नाही, तो पळतो. अस्वल टिकतं आणि त्याची बाई होते. तिचा मुलगा दानगुन, पहिलं कोरियन राज्य त्याने इसवी सनपूर्व २३३३ मध्ये स्थापलं असं मानतात. (अंधाऱ्या खोलीत लसूण खाऊन राहणं म्हणजे काय ते आमच्या हॉस्टेलवाल्यांना वेगळं सांगायला नको. आम्ही अजून माणसात आलेलो नाही एवढंच.) त्याआधीच्या म्हणजे ११४५ च्या अधिकृत इतिहासात दानगुनचं नावही नाही. गोष्ट लिहिली गेली तो काळ मंगोल आक्रमणांचा. आणि ती राष्ट्राच्या मध्यभागी आली तो काळ जपानी गुलामीचा. संकट आलं की आजोबा आठवतात, असंच काहीसं.

जपानी सत्तेने काय केलं हे वाचल्याशिवाय मिन्जोकची धार कळत नाही. जपानी सत्ता कोरियनांना नुसतं “तुम्ही कमी दर्जाचे” म्हणत नव्हती. ती म्हणत होती, “तुम्ही आम्ही मुळात एकाच पूर्वजाचे, म्हणून आता आमच्यात विरघळून जा.” म्हणजे बरोबरी द्यायची नाही, पण वेगळेपणही ठेवायचं नाही. १९३८ पासून शाळांतून कोरियन भाषा हद्दपार होऊ लागली. १९४० मध्ये जपानी धाटणीची कौटुंबिक नावं घेण्याचा हुकूम अमलात आला आणि सहा महिन्यांत सुमारे ८० टक्के कुटुंबांनी ती नोंदवली. माझ्या शाळेत मराठी बोललं की एक रुपया दंड असायचा आणि मी दंड भरू नये म्हणून गप्प राहायला शिकले. दोन्हींची तुलना होऊ शकत नाही, हे मला कळतं. माझ्या घरी येऊन कोणी माझं आडनाव बदललं नाही. पण आपली भाषा तोंडात आली की घशात अडकते तेव्हा कसं वाटतं, एवढं मात्र मला माहीत आहे.

१९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये मॅरेथॉन जिंकली ती सोन की-जोंग या कोरियन तरुणाने. पण नाव जपानी उच्चाराचं, छातीवर झेंडा जपानचा. पदक घेताना तो मान खाली घालून उभा आहे. सोलच्या ‘दोंग-आ इल्बो’ने फोटो छापताना त्याच्या छातीवरचा झेंडा पुसून टाकला. माणसं अटकेत गेली, पेपर काही महिने बंद पडला. हाच सोन पन्नास वर्षांनंतर, १९८८ च्या सोल ऑलिम्पिकला मशाल घेऊन स्टेडियममध्ये धावत आला, तेव्हा म्हातारा माणूस अक्षरशः उड्या मारत होता. हे वाचून ज्याच्या पोटात काही हललं नाही त्याने हा लेख इथेच सोडावा.

१ मार्च १९१९ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर ३३ जणांच्या सह्या होत्या. त्यात १६ ख्रिश्चन, १५ चोन्दोग्यो या कोरियन पंथाचे आणि २ बौद्ध. धर्म तीन, पण ‘आपण’ एक. म्हणजे तेव्हाचा ऊरी माणसं जोडत होता. इथपर्यंत मी मिन्जोकच्या बाजूने आहे, शंभर टक्के.

गाडी घसरते ती पुढे. १९४५ मध्ये जपान हरला, देशाचे दोन तुकडे झाले आणि १९४८ मध्ये दोन सरकारं झाली. दोघंही म्हणाले, खरा मिन्जोक आम्हीच. १९५० ते ५३ च्या युद्धात या एकाच रक्ताच्या माणसांनी एकमेकांची लाखो माणसं मारली. रक्त एक असल्याने प्रेम वाढलं नाही. समोरचा नुसता शत्रू राहिला नाही, घरचा गद्दार झाला. आणि भाऊबंदकी कशी असते ते आपल्याला कोणी शिकवायला नको.

मग दोन्हीकडच्या हुकूमशहांना हा शब्द फारच सोयीचा पडला. दक्षिणेत मिन्जोकच्या उत्कर्षासाठी गप्प बसा, कामगारांनो जास्त तास राबा. उत्तरेत मिन्जोकचा बाप म्हणजे आमचा नेता. उत्तर कोरियाने तर १९९३ मध्ये प्याँगयाँगजवळ दानगुनची कबर सापडल्याचं जाहीर केलं, हाडं ५,०११ वर्षांपूर्वीची असल्याचं सांगितलं आणि पुढच्याच वर्षी तिथे भलंमोठं दगडी स्मारक उभं केलं. अस्वलाच्या मुलाची हाडं! आमच्या फिजिक्स लॅबमध्ये रीडिंग इतकं हवं तसं आलं असतं तर सरांनी जर्नल परत केलं असतं.

पण विनोद बाजूला ठेवू, कारण याची किंमत लहान मुलांनी मोजली आहे. युद्धानंतर कोरियन आया आणि परदेशी सैनिक यांची मुलं जन्मली. ती ‘होन्ह्योल’, मिश्र रक्ताची. शुद्ध रक्ताच्या देशात त्यांचं काय करायचं? परदेशात दत्तक द्यायची. तिथून सुरू झालेली दत्तकाची वाट नंतर अविवाहित आयांच्या आणि गरिबांच्या मुलांसाठी राजरस्ता झाली. आजवर दीड लाखाहून जास्त मुलं अशी देशाबाहेर गेली. अनेकांची कागदपत्रं खोटी होती, आईवडील जिवंत असताना मूल अनाथ दाखवलेलं होतं. मार्च २०२५ मध्ये कोरियाच्याच सत्यशोधन आयोगाने यात सरकारने मानवी हक्कांचा भंग केल्याचा निष्कर्ष काढला. जो देश ‘ऊरी ओम्मा’ म्हणतो त्याने किती मुलांची ओम्मा हिरावली ते बघा.

जी मुलं मागे राहिली त्यांचं काय? दिसायला वेगळा असलेला मिश्र रक्ताचा मुलगा २०११ पर्यंत सैन्यातसुद्धा घेतला जात नसे. जिथे प्रत्येक तरुणाला सैन्यात जावंच लागतं, तिथे “तू येऊ नकोस” म्हणणं ही सवलत नाही, तो अपमान आहे. २००६ मध्ये हाइन्स वॉर्ड हा अमेरिकन फुटबॉलपटू सुपर बोलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याची आई कोरियन, वडील कृष्णवर्णीय अमेरिकन. तो सोलला आला तर हाच देश त्याच्या मागे वेडा झाला. जिंकलास, म्हणून आपला. बाकीचे न जिंकलेले वॉर्ड शाळेत शिव्या खात बसले होतेच. त्याने स्वतः मात्र अशा मुलांसाठी संस्था काढली, याचं कौतुक वाटतं.

आणि ज्या रक्तासाठी हे सगळं, ते शुद्ध तरी आहे का? कोरियात आडनावाबरोबर कुळ सांगतात. सर्वांत मोठं कुळ गिम्हेचे किम, ४० लाखांहून जास्त माणसं. ‘सामगुक युसा’मधल्याच कथेप्रमाणे त्यांचा मूळपुरुष राजा सुरो आणि त्याची राणी हो ह्वांग-ओक ही समुद्रापलीकडच्या ‘आयुता’ देशातून आलेली राजकन्या. हे आयुता म्हणजे अयोध्या असं मानून २००१ मध्ये अयोध्येत तिचं स्मारकही उभं राहिलं. कथा खरी की खोटी ते सोडा, पण आपली आद्य आजी परदेशी होती हे लाखो कोरियन अभिमानाने सांगतात. ह्वासानचे यी हे कुळ व्हिएतनामच्या राजपुत्रापासून सुरू झालेलं मानतात. १५९२ च्या जपानी स्वारीत आलेला एक जपानी योद्धा कोरियाकडून लढला, त्याला राजाने किम आडनाव दिलं आणि त्याचंही कुळ आज नांदतं आहे. म्हणजे घराण्याच्या पोथीत पाहुणे आणि राष्ट्राच्या पाठ्यपुस्तकात शुद्ध रक्त. दोन्ही एकाच कपाटात.

मेटलर्जीच्या पहिल्याच लेक्चरला सर सांगतात की अगदी शुद्ध लोखंड मऊ असतं, त्यात थोडा कार्बन मिसळला की पोलाद होतं. उपमा फार ताणू नये, माणसं काही धातू नाहीत. पण परीक्षेत दोन मार्क मिळतात, म्हणून लिहून ठेवलं.

इथे माझी रूममेट वाद घालते, आणि तिचा मुद्दा हलका नाही. १९९७ च्या शेवटी कोरियाचं दिवाळं निघायची वेळ आली, आयएमएफकडून कर्ज घ्यावं लागलं. तेव्हा लोकांनी रांगा लावून घरातलं सोनं दिलं. लग्नाच्या अंगठ्या, बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला मिळालेल्या अंगठ्या, खेळाडूंची पदकं. सुमारे ३५ लाख लोकांनी २२७ टन सोनं जमवलं. ऑगस्ट २००१ मध्ये, मुदतीच्या आधी, कर्ज फेडून टाकलं. ती म्हणते, “एक रक्त आहे असं वाटलं नसतं तर बाळाची अंगठी कोणी दिली असती का?”

मी यावर बरेच दिवस विचार केला. माझं उत्तर असं. त्या रांगेत उभ्या असलेल्या बाईला खात्री होती की मी दिली तर शेजारीणही देईल. देश चालतो तो या खात्रीवर. ही खात्री रक्तातून येत असती तर १९५० मध्ये कुठे गेली होती? रक्त तर तेव्हाही तेच होतं. मधल्या काळात दक्षिणेत एकत्र शाळा, एकत्र कष्ट झाले, आणि १९८७ मध्ये रस्त्यावर उतरून एकत्र मिळवलेली लोकशाही झाली. सोनं त्यातून आलं. लोकांनी त्याला नाव मात्र जुनं दिलं, मिन्जोक.

आणि हे मी एकटीच म्हणत नाही, कोरिया स्वतःच हळूहळू बदलतो आहे. १९९८ पासून आई कोरियन असली तरी मुलाला नागरिकत्व मिळू लागलं, त्याआधी वडीलच लागत. २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या समितीने ‘शुद्ध रक्त’ या भाषेबद्दल चिंता व्यक्त केली. त्याच वर्षी झेंड्यापुढच्या प्रतिज्ञेतून मिन्जोक शब्द गेला आणि स्वतंत्र व न्यायी प्रजासत्ताक आलं. याला गरजही होतीच. २०२३ मध्ये तिथला जननदर ०.७२ वर आला, म्हणजे एका बाईमागे सरासरी एक मूलही नाही. त्याच वर्षअखेरीस देशात २५ लाख परदेशी राहत होते. खेड्यांत व्हिएतनामी सुना आहेत, कारखान्यांत नेपाळी कामगार. ती मुलं शाळेत ‘ऊरी नारा’ म्हणतात तेव्हा शेजारच्या बाकावरच्याने काय म्हणावं, हा आता पुस्तकी प्रश्न उरलेला नाही.

सगळ्यांत मोठा धक्का उत्तरेकडून आला. २०२३ च्या अखेरीस किम जोंग-उनने सांगून टाकलं की दक्षिणेचे लोक आता आपले बांधव नाहीत, ते शत्रुराष्ट्र आहे. जानेवारी २०२४ मध्ये प्याँगयाँगमधली एकीकरणाची मोठी कमान पाडली. सत्तर-पंचाहत्तर वर्षं ज्या रक्ताच्या शपथा घेतल्या ते एका भाषणात परकं झालं! यावरून मी एकच शिकले. रक्ताचं नातं सांगणारा कोणीतरी वर बसलेला असतो, आणि जो ते देऊ शकतो तो ते काढूनही घेऊ शकतो. कायद्याने दिलेला हक्क काढायला निदान कोर्टात जावं लागतं.

मात्र यातून ‘कोरियन लोक संकुचित’ असा सोपा अर्थ कोणी काढू नये. बुडणाऱ्याने फळी धरली म्हणून त्याला हसायचं नसतं. मिन्जोक ही ती फळी होती आणि तिने एक अख्खी भाषा, एक अख्खा समाज वाचवला. माझं म्हणणं एवढंच, की किनारा लागल्यावर त्या फळीचं दार करावं. तिची भिंत करू नये.

फर्स्ट इयरला माझं मराठी ऐकून कॉरिडॉरमध्ये कोणीतरी म्हणालं होतं, “तू कॉन्व्हेंटवाली, तू कसली मराठी?” त्या वेळी मी रूमवर जाऊन रडले होते. ते वाक्य बोलणारी मुलगी म्हणजेच माझी आत्ताची रूममेट. हा लेख तिनेच तपासला, ऱ्हस्व-दीर्घ तिनेच सुधारले. कालच तिच्या घरून डबा आला. तिने दार उघडलं आणि कॉरिडॉरमध्ये मणिपूरच्या, बिहारच्या, कोल्हापूरच्या सगळ्यांना ओरडून सांगितलं, “चला गं, आपल्या आईने लाडू पाठवलेत!”

‘आमच्या’ नाही म्हणाली.